बहरीनची बचावफळी

मोत्यांच्या व्यापाराचे दिवस होते तेव्हा बहरीन हे नाव मुंबईच्या जवाहिऱ्यांच्या तोंडी नित्याचे असे. कारण इराणच्या आखातातल्या उथळ आणि ऊन पाण्यात बुड्या मारून तेथील पाणबुडे जे मोती वर काढीत, त्यांतले पुष्कळसे मुंबईच्याच बाजारात येऊन पारखले व विकले जात, आणि १९६५ साली बहरीनने स्वतःचा दीनार चलनात आणीपर्यंत त्या बेटावरच्या दुकानांतही व्यवहार रुपयांतच होत असे. पुढे जपानी संवर्धित मोत्यांनी तो धंदा बुडविला, १९३२ साली तेल लागले, आणि व्यापाऱ्यांच्या जागी कारागीर, हिशेबनीस, परिचारिका व अभियंते यांची ये-जा सुरू झाली. आज मराठी माणूस बहरीनला जातो तो पोटापाण्यासाठी. परंतु त्याच बेटावरचा एखादा गुणी फुटबॉलपटू आपल्या कसबाचे चीज व्हावे म्हणून बेट सोडून बाहेर पडतो, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांच्याच कानी आली असेल.

बृहन्मुंबईहून फारसा मोठा नसलेला हा देश. लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास, आणि त्यातही निम्म्याहून अधिक वस्ती परदेशी चाकरमान्यांची; तेव्हा राष्ट्रीय संघासाठी अकरा जण निवडायचे ते उरलेल्या सात-आठ लाखांतून. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर बहरीनने दोन वेळा विश्वचषकाच्या अगदी उंबरठ्यापर्यंत मजल मारली, एकदा आशिया चषकात चौथे स्थान मिळविले आणि आखाती चषक दोनदा घरी नेला. ह्या यशापयशाची कागदपत्रे चाळू लागले म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. फुटबॉलचे कौतुक गोल करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूंचे असते, वर्तमानपत्रांतली छायाचित्रे त्यांची असतात. पण बहरीनच्या नशिबाचे निवाडे ज्यांच्या पायांनी व मस्तकांनी झाले ते बहुतेक बचावपटू होते, कधी आपले आणि पुष्कळदा परके. म्हणून व्यावसायिक बचावपटूची कारकीर्द कशी घडते आणि कशाने मोडते हे समजून घ्यायचे असेल, तर युरोपातल्या धनाढ्य क्लबांकडे न पाहता ह्या लहानशा बेटाकडे पाहावे, असे मला वाटते.

प्रथम त्याच्या कामाचे स्वरूप. फुटबॉलच्या मैदानावर गोलरक्षकाच्या पुढे साधारणतः चार जणांची बचावफळी उभी असते: दोन मधोमध आणि दोन दोन्ही अंगांना. सामान्य प्रेक्षकाची समजूत अशी, की समोरून येणाऱ्याच्या पायातून चेंडू काढून घेणे हेच ह्यांचे काम. वास्तविक जमिनीवर घसरत जाऊन चेंडू काढण्याची पाळी ज्याच्यावर वारंवार येते, तो बहुधा आधीच्या दोन क्षणांत कोठे तरी चुकलेला असतो. चांगल्या बचावपटूचे कौशल्य त्याच्या उभे राहण्याच्या जागेत असते. शेताला पाणी देताना दारे धरणारा शेतकरी पाणी वाफ्याच्या टोकाला पोचण्याआधीच पुढच्या दारावर फावडे घेऊन उभा असतो, त्याचप्रमाणे चेंडू अजून प्रतिपक्षाच्या मध्यरक्षकाकडे आहे तोवरच हा गृहस्थ, तो पुढे कोणाकडे जाणार हे ताडून, दोन पावले सरकलेला असतो. आणि ती दोन पावले सरकलेली पाहूनच पुष्कळदा मध्यरक्षक तिकडे चेंडू देण्याचा बेत रद्द करतो. झाले ते एवढेच. प्रेक्षकांना ह्यातले काहीही दिसत नाही.

ह्या उभे राहण्याच्या शास्त्राचा पाया म्हणजे ऑफसाइडचा नियम होय. चेंडू पुढे टाकला जातो त्या क्षणी आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्या दरम्यान प्रतिपक्षाचे किमान दोन खेळाडू असले पाहिजेत, आणि त्यांतला एक बहुधा गोलरक्षकच असल्यामुळे खरी मर्यादा ठरते ती शेवटच्या बचावपटूने. १९२५ पूर्वी ही संख्या तीन होती. ती दोनावर आणल्याबरोबर गोलांचा वर्षाव सुरू झाला आणि तोपर्यंत मैदानाच्या मध्यभागी खेळणारा एक गडी मागे ओढून दोन बचावपटूंच्या मधे तैनात करणे संघांना भाग पडले. आजचा मध्यवर्ती बचावपटू हा त्या एका दुरुस्तीचा वंशज आहे. चौघांनी एका रेषेत राहायचे, एकाच्या इशाऱ्यावर चौघांनी मिळून पुढे किंवा मागे व्हायचे, आणि त्यांतल्या एकाचे पाऊल अर्ध्या हाताने मागे राहिले तरी साऱ्या रेषेचा अर्थ नाहीसा व्हायचा. म्हणून बचावपटूला दृष्टीइतकेच आवाजाचे महत्त्व असते, आणि नव्वद मिनिटांत सर्वांत जास्त ओरडणारा माणूस गोलरक्षकाखालोखाल तोच असतो.

कॉर्नरच्या वेळी हा खेळ अगदी जवळून पाहण्याजोगा असतो. गोलपासून काही हातांवर दहा-बारा माणसे दाटीने उभी, प्रत्येकाचा एक हात दुसऱ्याच्या छातीवर किंवा सदऱ्याला, पंचाचे डोळे त्या हातांवर. बचावपटूची मान कोपऱ्यातल्या चेंडूकडे वळलेली, पण पाठीने तो आपल्या वाट्याच्या माणसाचा अदमास घेत असतो, कारण चेंडूकडे पाहावे तर माणूस सुटतो आणि माणसाकडे पाहावे तर चेंडू. फटका बसल्यापासून चेंडू डोक्याशी येईपर्यंत फार तर दीड-दोन सेकंद. तेवढ्यात उडी केव्हा घ्यायची हे ठरले पाहिजे. कारण अगोदर उडालेला माणूस खाली येत असतो तेव्हा मागाहून उडालेला वर जात असतो. विश्वचषकासारख्या स्पर्धेचे दार उघडले किंवा बंद झाले ते बहरीनच्या बाबतीत बहुधा ह्याच दीड-दोन सेकंदांत.

बहरीनमध्ये फुटबॉल रुजला तो क्लबांच्या द्वारे. मुहर्रकचा क्लब १९२८ चा. फुटबॉल संघटना १९५७ साली स्थापन झाली. आणि १९७० साली आखाती चषकाची पहिली स्पर्धा बहरीनमध्येच भरली, तीत यजमान उपविजेते ठरले. मनामाचा अल-अहली, रिफा, हिद्द, मालकिया, जिदहफ्सचा अल-शबाब, असे गावोगावीचे व पेठांचे क्लब आहेत, आणि गावातला मुलगा लहानपणी ज्या क्लबाच्या मैदानावर येतो त्याच्याशी त्याचे नाते पुढे बहुधा जन्मभर टिकते. परंतु निव्वळ फुटबॉलवर घर चालावे एवढी प्राप्ती त्या लीगमध्ये कित्येक वर्षे नव्हती. नोकरी सांभाळून संध्याकाळी सराव, असाच पुष्कळांचा शिरस्ता. यास्तव ज्याला हा पेशा खऱ्या अर्थाने पेशा म्हणून करायचा असे, त्याची नजर शेजारच्या सौदी अरेबियाकडे, कतारकडे किंवा कुवेतकडे लागे. मध्यवर्ती बचावपटू मोहम्मद हुसेन अनेक हंगाम रियाधच्या अल-नस्र क्लबात खेळला. सय्यद मोहम्मद अदनान कतारच्या अल-खोर क्लबात गेला. परदेशी खेळाडूंच्या जागा प्रत्येक क्लबात मोजक्या असतात आणि त्या भरताना मालकांचा कल गोल करणाऱ्याकडे असतो, हे लक्षात घेतले तर बचावपटूला अशी जागा मिळणे किती कठीण ते समजेल.

करारनाम्याचे नियम जगभर सारखेच आहेत: फिफाच्या नियमावलीप्रमाणे कराराची कमाल मुदत पाच वर्षे, अठरा वर्षांखालील मुलासाठी तीन. म्हणजे अठराव्या वर्षी सुरुवात करून पस्तिशीपर्यंत टिकणाऱ्याच्या कारकिर्दीत चार-पाच करारच येतात, आणि एखादे गुडघ्याचे दुखणे नेमके कराराच्या शेवटच्या वर्षी उद्भवले तर पुढचा करार मिळेलच असे नाही. वयाच्या बाबतीत मात्र ही जागा थोडी उदार आहे. आघाडीचा खेळाडू तिशी ओलांडली की वेगात मागे पडू लागतो. मध्यवर्ती बचावपटूची नजर त्याच सुमारास पिकू लागते, आणि पायांतले जे उणे होते ते नजरेने भरून निघते.

आता बहरीनच्या इतिहासाकडे वळू. २००४ च्या उन्हाळ्यात चीनमध्ये आशिया चषक झाला, आणि उपांत्य सामन्यात जिनान येथे बहरीनची गाठ गतविजेत्या जपानशी पडली. पंच्याऐंशीव्या मिनिटाला बहरीन ३-२ असा पुढे गेला. पाच मिनिटे काढायची होती. शेवटच्या मिनिटाला जपानचा बचावपटू युजी नाकाझावा आपली जागा सोडून थेट बहरीनच्या गोलसमोर आला आणि त्याने डोक्याने बरोबरी साधली. जादा वेळेत जपान जिंकला, आणि पुढे अंतिम सामनाही. त्या स्पर्धेत पाच गोल करून सर्वाधिक गोलांचा मान अला हुबैलने इराणच्या अली करीमीबरोबर वाटून घेतला, हे सर्वांच्या लक्षात राहिले.

पुढच्या वर्षी विश्वचषकाची पात्रता. उझबेकिस्तानविरुद्धचा पहिला सामना पंचाने पेनल्टीच्या नियमात केलेल्या चुकीमुळे रद्दबातल ठरला: उझबेक खेळाडू आगाऊ पुढे घुसला तेव्हा पेनल्टी पुन्हा घ्यायला लावण्याऐवजी पंचाने बहरीनला फ्री किक दिली होती. फिफाने सामना पुन्हा खेळविण्याचा हुकूम दिला. तो १-१ झाला, आणि घरच्या मैदानावर बहरीनने ०-० असा टिकाव धरून परक्या मैदानावरील गोलाच्या जोरावर पुढची पायरी गाठली. नंतर त्रिनिदाद आणि टोबॅगो. पोर्ट ऑफ स्पेन येथे सलमान इसाने गोल केला, सामना १-१ असा सुटला. आता घरी पुन्हा एक ०-० पुरे होते. १६ नोव्हेंबर २००५. उत्तरार्ध सुरू होऊन चार मिनिटे झाली असताना ड्वाइट यॉर्कने कॉर्नर घेतला आणि डेनिस लॉरेन्स ह्या दोन मीटर उंचीच्या बचावपटूने तो डोक्याने जाळ्यात घातला. त्या एका गोलाने त्रिनिदाद विश्वचषकासाठी जर्मनीला गेला.

२००९ साली पुन्हा तीच वाट. ह्या वेळी आधी सौदी अरेबिया: घरी ०-०, रियाधमध्ये नव्वद मिनिटे संपली तेव्हा १-१. हा निकाल बहरीनला पुरेसा असताना भरपाईच्या वेळेत हमद अल-मुंतशरीने सौदीचा दुसरा गोल केला. मुंतशरी हा बचावपटू. आशियातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून २००५ साली त्याची निवड झाली होती, आणि असा बहुमान बचावपटूच्या वाट्याला किती क्वचित येतो हे पाहायचे तर युरोपातला ‘सुवर्णचेंडू’ (बॅलन डी’ओर) पुरस्कार २००६ साली इटलीच्या फाबिओ कानावारोला मिळाल्यानंतर आजवर एकाही बचावपटूला मिळालेला नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे. सौदी प्रेक्षक आनंदाने उभे असतानाच बहरीनला कॉर्नर मिळाला, इस्माईल अब्दुल्लतीफने डोक्याने गोल केला, आणि २-२ ह्या बरोबरीवर सौदी संघ स्पर्धेबाहेर गेला. फुटबॉलमधले इतके नाट्यमय तीन क्षण मी फारसे वाचलेले नाहीत.

उरला होता न्यूझीलंड. १० ऑक्टोबर रोजी मनामाला ०-०. १४ नोव्हेंबर २००९ रोजी वेलिंग्टनच्या मैदानावर पस्तीस हजारांवर लोक जमले. त्या देशात फुटबॉलच्या सामन्याला तोपर्यंत एवढी गर्दी लोटली नव्हती. पूर्वार्ध संपता संपता कॉर्नरवरून रोरी फॅलनने डोक्याने गोल केला. तरीही बहरीनचे गणित सोपेच होते, कारण परक्या मैदानावरचा गोल जड धरला जाई आणि १-१ अशी बरोबरी झाली तरी दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकाचे तिकीट बहरीनचे होते. विश्रांतीनंतर सहाव्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. ती घेण्यास पुढे आला सय्यद मोहम्मद अदनान.

अदनान तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. मध्यवर्ती बचावपटू असूनही लांबवरून मारलेल्या जोरदार फ्री किकबद्दल त्याची ख्याती होती, आणि त्या वर्षीच्या आशियातील सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारासाठी निवडलेल्यांच्या यादीत त्याचे नाव होते. संकटाच्या वेळी पेनल्टी घेण्याचे काम प्रशिक्षक मिलान माचाला आणि संघ यांनी ज्या माणसावर सोपविले त्याच्याविषयी त्यांचा विश्वास काय असेल, हे ह्यावरून कळते. गोल साडेसात मीटरांहून थोडा कमी रुंद. चेंडू अकरा मीटरांवर. आणि मारणाऱ्याच्या पायापासून रेषेपर्यंत पोचायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ, ज्यात गोलरक्षकाला चेंडू पाहून हलणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे त्याला आगाऊच एक बाजू पत्करावी लागते. मार्क पेस्टनने बाजू अचूक पत्करली. चेंडू अडला. उरलेल्या एकोणचाळीस मिनिटांत बहरीनला गोल झाला नाही, आणि न्यूझीलंड विश्वचषकाला जाऊन तेथले तिन्ही सामने बरोबरीत सोडवून अपराजित परतला. त्यांतल्या पहिल्या सामन्यात शेवटच्या क्षणी स्लोव्हाकियाशी बरोबरी साधणारा विन्स्टन रीड हाही बचावपटूच.

ह्या प्रसंगाविषयी माझे मत स्पष्ट आहे. अदनानने ती पेनल्टी घेतली म्हणून त्याच्या नावावर अपयश चढले. पण ज्या बचावफळीने रियाधमधला तो दुसरा गोल सोसूनही हिंमत सोडली नाही आणि मनामाला न्यूझीलंडसारख्या उंच व दणकट संघाला गोल करू दिला नाही, त्या फळीचा तो आधारस्तंभ होता, आणि तो नसता तर वेलिंग्टनला जाण्याचे प्रयोजनच उरले नसते. आघाडीचा खेळाडू दहा संधी घालवून अकरावी साधतो आणि लोक अकरावीची कथा सांगतात. बचावपटूच्या बाबतीत लोकांची स्मरणशक्ती नेमकी उलट चालते, आणि हा अन्याय आहे असे मी म्हणतो, कारण दोघांच्याही श्रमाची किंमत शेवटी एकाच गुणफलकावर ठरत असते.

अदनानची कारकीर्द तेथेच संपली असती तरी नवल नव्हते. परंतु तिला पुढे वळण मिळाले ते मैदानाबाहेरून. २०११ च्या फेब्रुवारीत बहरीनमध्ये मोठे लोकआंदोलन उभे राहिले, सरकारने ते मोडून काढले, आणि निदर्शनांत सामील झाल्याबद्दल ज्या खेळाडूंवर बालंट आले त्यांत अला हुबैल, त्याचा भाऊ मोहम्मद आणि अदनान ही राष्ट्रीय संघातली नावे होती. त्यांना अटक व तुरुंगवास झाला. २००४ साली ज्याच्या पाच गोलांनी देश डोक्यावर घेतला होता त्याच्यावर ही वेळ यावी, ह्यावरून लोकप्रियतेचे कवच किती पातळ असते ते दिसते. सुटकेनंतर अदनानने ऑस्ट्रेलियाची वाट धरली. ब्रिस्बेन रोअर हा तेव्हा तेथील विजेता संघ. आंजे पोस्टेकोग्लू हा त्याचा प्रशिक्षक, आणि त्या संघाची छत्तीस सामने अपराजित राहण्याची मालिका त्याच सुमारास चालू होती. बचावपटूनेही चेंडू नुसता लांब न भिरकावता शांतपणे पुढच्या गड्याकडे द्यावा, अशी त्या प्रशिक्षकाची शिकवण. अदनानच्या अंगी ते आधीपासूनच होते. एप्रिल २०१२ मध्ये अंतिम सामन्यात पर्थला २-१ असे हरवून ब्रिस्बेनने सलग दुसऱ्या वर्षी विजेतेपद मिळविले, आणि वेलिंग्टनमध्ये ज्याचे नाव अपयशाला जोडले गेले होते तो समुद्रापलीकडच्या शेजारच्या देशात विजेत्या संघाचा सभासद झाला.

आपल्या देशाशीही बहरीनची गाठ पडली आहे, आणि ती हकीकत पुण्या-मुंबईच्या वाचकांनी विशेष लक्ष देऊन ऐकावी. जानेवारी २०११ मध्ये दोहा येथे आशिया चषकात बहरीनने भारताला ५-२ असे हरविले. त्यांत इस्माईल अब्दुल्लतीफचे चार गोल होते, आणि भारताच्या दोनांपैकी पहिला होता मणिपूरचा बचावपटू गौरमांगी सिंग ह्याचा. आठ वर्षांनी, १४ जानेवारी २०१९ रोजी, शारजा येथे पुन्हा हेच दोन संघ समोरासमोर आले. भारताला बरोबरी पुरेशी होती, आणि नव्वद मिनिटे भारताने ती टिकविली. सामन्याच्या अगदी आरंभीच, चार-पाच मिनिटांतच, मध्यवर्ती बचावपटू अनस एडथोडिका दुखापतीने बाहेर गेला; संदेश झिंगन आणि बाकीचे झुंजत राहिले; आणि भरपाईच्या वेळेत भारताच्या चौकटीत चूक होऊन बहरीनला पेनल्टी मिळाली, ती जमाल राशीदने साधली. दुसऱ्या दिवशी अनसने आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली.

हा अनस केरळातल्या मलप्पुरमचा; पण त्याच्या व्यावसायिक कारकिर्दीची घडण झाली ती महाराष्ट्रात. २००७ पासून चार वर्षे तो मुंबई एफसीकडून खेळला, नंतर पुणे एफसीकडून; कूपरेजच्या आणि बालेवाडीच्या मैदानांवर ज्यांनी ते सामने पाहिले त्यांना हा उंच, फारसा न बोलणारा गडी आठवत असेल. इतकी वर्षे उत्तम खेळूनही भारताचा सदरा त्याच्या अंगावर चढला तो २०१७ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी. म्हणजे दहा वर्षे क्लबांतून वाट पाहिली, आणि शारजाचा तो सामना त्याच्या वाट्याला आला पाच मिनिटांचा. गोव्याच्या महेश गवळीला त्या मानाने दीर्घ संधी लाभली. धेंपो संघाच्या वैभवाच्या काळात तो त्या बचावफळीत होता. तोच धेंपो २००८ साली एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत जाऊन लेबनॉनच्या सफा क्लबाकडून हरला, आणि सफाला अंतिम फेरीत हरवून चषक नेला तो बहरीनच्या मुहर्रकने.

शारजाच्या त्या सामन्यानंतर बहरीनचे दिवस पालटले. त्याच वर्षी १४ ऑगस्टला कर्बला येथे यजमान इराकला १-० असे हरवून पश्चिम आशियाचे अजिंक्यपद, आणि ८ डिसेंबरला दोहा येथे सौदी अरेबियाला १-० असे हरवून आखाती चषक. १९७० साली जी स्पर्धा आपल्याच अंगणात सुरू केली, ती जिंकायला एकोणपन्नास वर्षे लागली. दोन्ही अंतिम सामन्यांत एकेकच गोल पुरला; हे जिंकणे बचावफळीचे होते, आणि पोर्तुगीज प्रशिक्षक एलिओ सौझा ह्याने आपला संघ ह्याच पायावर उभारला होता. नंतरच्या मोठ्या विजयांत परक्या बचावपटूंचा हातभार लागला तोही असाच अकल्पित. सप्टेंबर २०२४ मध्ये गोल्ड कोस्ट येथे बहरीनने ऑस्ट्रेलियाला १-० असे हरविले तो गोल हॅरी साउटर ह्या ऑस्ट्रेलियन बचावपटूला लागून आत गेला, आणि ४ जानेवारी २०२५ रोजी कुवेतमध्ये आखाती चषकाच्या अंतिम सामन्यात ओमानविरुद्धचा निर्णायक गोल मोहम्मद अल-मुसल्लमीच्या स्वयंगोलाने झाला. ओमानच्या त्याच संघाने चार दिवस आधी, पूर्वार्धातच एक गडी बाहेर गेल्यावर, दहा जणांनिशी सौदी अरेबियाला हरविले होते. सुमारे तासभर चाललेल्या त्या बचावाला मी ह्या साऱ्या स्पर्धेतला सर्वोत्तम खेळ म्हणेन.

विजयाच्या ह्या वृत्तांतात आणखी एका बहरीनी बचावपटूची हकीकत गाळून चालणार नाही. हकीम अल-अरैबी हा राष्ट्रीय पातळीपर्यंत पोचलेला तरुण बचावपटू. २०१२ साली एका पोलीसठाण्याची नासधूस केल्याच्या आरोपावरून बहरीनच्या न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला दहा वर्षांची सजा ठोठावली. त्या वेळी आपण दूरचित्रवाणीवर दाखविल्या जाणाऱ्या सामन्यात खेळत होतो, असे त्याचे म्हणणे. तो देश सोडून ऑस्ट्रेलियात गेला, २०१७ साली त्याला निर्वासिताचा दर्जा मिळाला, आणि मेलबर्नच्या पास्को व्हेल क्लबात तो खेळू लागला. पगार बेताचा, मैदान उपनगरातले. तरी खेळ सुटला नव्हता. २७ नोव्हेंबर २०१८ रोजी नवपरिणीत पत्नीसह तो बँकॉकला उतरला, आणि बहरीनच्या मागणीवरून निघालेल्या इंटरपोलच्या सूचनेआधारे विमानतळावरच त्याला ताब्यात घेण्यात आले. निर्वासिताविरुद्ध त्याच्याच मायदेशाच्या विनंतीवरून अशी सूचना निघता कामा नये, हा इंटरपोलचाच नियम. त्याप्रमाणे सूचना काही दिवसांतच मागे घेतली गेली, पण कैद चालूच राहिली.

अडीच महिने तो थायलंडच्या तुरुंगात होता. न्यायालयात त्याला पायांत बेड्या घालून, अनवाणी आणले गेले तेव्हाची छायाचित्रे जगभर गेली. ऑस्ट्रेलियाच्या संघाचा माजी कर्णधार क्रेग फॉस्टर ह्याने देशोदेशीच्या खेळाडूंना, फिफाला आणि सरकारांना अर्जविनंत्या करून हे प्रकरण थंड होऊ दिले नाही. आशियाई फुटबॉलचे अध्यक्षपद तेव्हा बहरीनच्या राजघराण्यातील शेख सलमान यांच्याकडे होते आणि अरैबीने त्यांच्यावर २०१६ साली जाहीर टीका केलेली होती, त्यामुळे त्या संघटनेच्या मौनाची विशेष चर्चा झाली. ११ फेब्रुवारी २०१९ रोजी बहरीनने मागणी मागे घेतल्याचे कळताच थायलंडच्या सरकारी वकिलांनी खटला काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तो मेलबर्नला पोचला, विमानतळावर लोक त्याच्यासाठी उभे होते. आणि १२ मार्च रोजी ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व मिळाले तेव्हा तो पंचवीस वर्षांचा, म्हणजे बचावपटूच्या हिशेबाने निम्मी कारकीर्द शिल्लक असलेला, पास्को व्हेलचा खेळाडू होता.